सडा, झरा, खलाटी : एका वर्षाच्या प्रकल्प नोंदी

२१ सप्टेंबर २०२३, गौरी आवाहन

गौरी आणायला बायका पऱ्यावर गेल्या होत्या, तेवढ्या वेळात देवळाच्या सभामंडपात पहिली बैठक घेतली. चाकरमानी गावात भेटतात ते याच पाच-सात दिवसांत. नंतर एकेकाला लालबाग, नालासोपारा, बडोदा असं शोधत फिरावं लागतं.

पुढे ही वही कोणाच्या हाती पडेल त्याच्यासाठी प्रकरण थोडक्यात. रत्नागिरी जिल्ह्यातलं हे गाव सड्याच्या पायथ्याला आहे. वर जांभ्याचा उघडा सडा, सड्याच्या कडेपासून खाली उतरणारी दाट राई, राईच्या तळाला बारमाही झरा आणि झऱ्याच्या पाटावर भिजणारी खलाटी, म्हणजे सखल भातजमीन. सडा आणि राई मिळून साधारण १४ हेक्टर, एकाच सातबाऱ्यावर, सामाईक. खातेदार म्हणून २७ नावं. पावसाळ्याआधी एक मध्यस्थ येऊन चिऱ्याच्या खाणीसाठी भाव सांगून गेला. खलाटीत शेती करणाऱ्या तीन घरांच्या ते कानावर गेलं आणि त्यांनी निसर्ग राखण्याचं काम करणाऱ्या आमच्या संस्थेला निरोप धाडला. आम्ही इथे आलो ते बोलावल्यावरून, आणि पुढच्या सगळ्या कामात हे विसरायचं नाही.

बैठकीत थोरले काका पहिलाच प्रश्न नेमका विचारून गेले. "तुमची संस्था ही जमीन विकत घेणार काय?" घेऊ शकत नाही, असं सरळ सांगितलं. कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, आणि आमची संस्था सार्वजनिक न्यास आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढून वाट निघते, पण मुळात मालकी हलवावी असं आमचंही मत नाही. मालकी तुमची, वहिवाट तुमची. राहायला हवा तो फक्त सडा, न फोडलेला.

"मग तुम्ही करणार काय?" याचं पक्कं उत्तर आज माझ्याकडे नव्हतं. तसं म्हणालो.

२४ सप्टेंबर २०२३

सकाळी साडेसातला सड्यावर. बरोबर गावातली नऊ पोरं, त्यांतली सहा मुंबईची. थोरल्या काकांनी निघताना बजावलं, दगड उलटायचा नाही, खाली फुरसं असतं.

सडा लांबून बघितला तर नुसता हिरवा गालिचा. गुडघ्यावर बसलं की बोटभर मातीत किती जण दाटीवाटीने राहतात ते दिसतं. पांढऱ्या गोंड्याचे गेंद, पिवळा कवला, कडेला तेरडा आणि पाणी साचलेल्या उथळ बशांभोवती सीतेची आसवं. एका मुलीने त्याचं निळंजांभळं फूल भिंगाखाली धरलं. तिला मुळाशी असलेल्या टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या दाखवल्या. कातळावरच्या मातीत नत्र जवळपास नसतंच, म्हणून ही वनस्पती त्या पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते आणि आपली भूक भागवते. पोरगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने बाकीच्यांना हाका मारून मारून बोलावलं.

घरी येऊन सातबारा पुन्हा काढून बसलो. यातलं बहुतेक क्षेत्र 'पोटखराब, वर्ग अ' म्हणून लागलं आहे. म्हणजे लागवडीला अयोग्य. महसुलाच्या हिशेबाला तो शब्द बरोबर असेल, पण गेली दीडशे वर्षं कागदावर 'खराब' वाचून वाचून माणसांनाही ते खरं वाटू लागलं आहे. कास पठार असंच कातळावरचं पठार. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ स्थळं जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांत महाराष्ट्रातल्या चारांपैकी एक कास. आमच्या सड्यावर गर्दीही नाही आणि पाटीही नाही. फुलं मात्र आहेत.

८ ऑक्टोबर २०२३

झऱ्याचं पहिलं मोजमाप. पद्धत साधी: पाटाच्या तोंडाशी पन्हळ लावायची, खाली १५ लिटरची बादली, आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. तीनदा मोजून मधला आकडा लिहायचा. हे काम खलाटीतल्या मधल्या घरच्या वहिनींनी स्वतःहून मागून घेतलं. त्यांचं म्हणणं, पाणी आणायला रोज येणारी मी, मग मोजायला बाहेरचा माणूस कशाला.

आज : १९ सेकंद.

वहिनींना झऱ्यामागचं गणित शिकवावं लागलं नाही. सासूने सांगितलेलं त्यांना ठाऊक होतं: "सडा पितो आणि राई हळूहळू पाझरते." भूशास्त्रही यापेक्षा वेगळं काही सांगत नाही. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्यातून खाली मुरतो, जांभ्याखालच्या पांढरट चिकण मातीला अडतो आणि तिच्यावरून सरकत सड्याच्या कडेला जिथे वाट मिळेल तिथे बाहेर पडतो. चिऱ्याची खाण हा जांभाच थरांनी कापून नेते. म्हणजे पाणी साठवणारं भांडंच उचलून नेल्यासारखं. राईने पाणी धरलं असतं, पण राईकडे पाणी येतं कुठून?

खलाटीतली ही तीन घरं पावसाळी भातानंतर वायंगणी भात घेतात, ते केवळ या झऱ्यावर. आजूबाजूच्या गावांतून वायंगण जवळजवळ गेलं आहे.

३० ऑक्टोबर २०२३

वकीलसाहेबांकडे तीन तास. आजची नोंद लांब होणार.

आपल्यासारखं काम जगात इतरत्र कसं चालतं ते मी त्यांच्यापुढे मांडलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १८९१ साली 'ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स' ही संस्था निघाली, तेव्हापासून तिकडे अशा संस्थांची परंपरा आहे. तिथे शेतकरी जमीन स्वतःकडे ठेवतो, कसतो, विकतो, मुलांना देतो. फक्त ती जमीन तोडून बांधकाम करण्याचा किंवा खणण्याचा हक्क तो एका दस्ताने कायमचा सोडतो, आणि त्या दस्ताची राखण संस्था करते. संस्थेची शेजारी जमीन असो वा नसो, तिथल्या राज्यांचे कायदे ते मान्य करतात.

आपल्याकडे नाही. वकीलसाहेबांनी १८८२ चा सुविधाधिकार कायदा काढून कलम ४ वाचून दाखवलं. सुविधाधिकार हा माणसाला किंवा संस्थेला नुसता मिळत नाही, तो एका जमिनीच्या लाभासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. वाटेचा हक्क घ्या: माझ्या शेतात जाण्यासाठी तुझ्या बांधावरून वाट. शेतच नसेल तर वाटेचा हक्क कसला?

संस्थेचा मार्ग इथे संपला असं मला वाटलं. वकीलसाहेब पुस्तक मिटून म्हणाले, "अहो, पण तुमच्या प्रकरणात शेत आहे की! खालची खलाटी." त्याच कलमात पुढे लिहिलं आहे की सुविधाधिकार हा दुसऱ्याच्या जमिनीत काही करण्याचा असू शकतो, तसाच काही करू न देण्याचाही असू शकतो. म्हणजे सड्याच्या मालकांनी खलाटीच्या तीन खातेदारांना लेखी, नोंदणीकृत दस्ताने हक्क द्यायचा की झऱ्याच्या लाभासाठी या सड्यावर खाण होणार नाही आणि राईची सरसकट तोड होणार नाही. संस्था त्यात हक्कदार नाही. संस्था मोबदल्याची रक्कम उभी करणारी, मोजमाप ठेवणारी, दरवर्षी पाहणी करणारी. हक्क भाताच्या शेताचा. शेत विकलं गेलं तर हक्क शेताबरोबर नव्या मालकाकडे जाईल, आणि वरची जमीन विकली गेली तर भार तिच्याबरोबर जाईल.

परतीच्या एसटीत माझ्या डोळ्यांसमोर खलाटीच होती. गेली चार वर्षं आम्ही निसर्गक्षेत्रं वेगळ्या फायलीत आणि शेती वेगळ्या फायलीत ठेवत आलो.

अडचणही वकीलसाहेबांनी तिथेच दाखवली. सामाईक जमिनीवर एकटा हिस्सेदार असा भार घालू शकत नाही. कायद्यातल्या एका दाखल्यातच ते लिहिलं आहे. सत्तावीसच्या सत्तावीस सह्या.

१९ नोव्हेंबर २०२३

वनराई बंधारा झाला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती, २२ माणसं, दीड दिवस. पाटाची गळती दोन जागी लिंपली.

२७ नावांची छाननी : सहा जण हयात नाहीत, त्यांच्या वारसांच्या नोंदी झालेल्या नाहीत. दोघांचे मृत्यूचे दाखले मिळत नाहीत. एक आजी माहेरच्या नावाने लागल्या आहेत.

१७ डिसेंबर २०२३, रविवार

लालबागला एका खोलीत अकरा जण जमले. आम्ही सड्याचे फोटो, नकाशा आणि दस्ताचा कच्चा मसुदा घेऊन गेलो होतो. मसुदा वाचताना सगळ्यात जास्त वेळ 'काय करता येईल' या यादीवर गेला, आणि ते योग्यच झालं. गवत कापता येईल. गुरं चारता येतील. सुकं लाकूड नेता येईल. हरडा, बेहडा वेचता येईल. देवाच्या कामाला लागेल ते मानकऱ्यांच्या संमतीने घेता येईल. कवळावरून, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर राब भाजायला तोडायच्या पालेदार डहाळ्यांवरून, वाद झाला. आमच्या मसुद्यात कवळतोडीला पूर्ण बंदी होती. गावाहून आलेले एक दादा म्हणाले, राब भाजल्याशिवाय आमची रोपं कशी तरारतील ते तुम्ही येऊन दाखवा. त्यांचं म्हणणं रास्त होतं. मसुदा तिथेच बदलला : कवळ ऐन-किंजळाचं आणि ठरलेल्या पट्ट्यातूनच, शेंडा राखून, एका झाडाला तीन वर्षांतून एकदा. बेहडा, सातवीण आणि ढोली असलेल्या कुठल्याही झाडाला हात नाही.

वडीलधाऱ्या एका आत्यांनी विचारलं, "माझं नाव आहे ना रे त्यात? भावांनी काढलं नाही ना?" आहे, असं सांगून सातबाऱ्यावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. लग्नानंतर बावन्न वर्षांत त्या सड्यावर चढलेल्या नाहीत.

९ जानेवारी २०२४

झरा : ३८ सेकंद. वायंगणीची लावणी पूर्ण.

२३ जानेवारी २०२४

आजची चूक पूर्णपणे माझी, ती तशीच लिहितो.

राईच्या वरच्या कडेने जाळरेषा काढत होतो. वणव्याचा हंगाम फेब्रुवारी ते मे, त्याआधी सुकं गवत पट्ट्यापट्ट्याने मुद्दाम जाळून टाकलं की आग सड्यावरून राईत उतरत नाही. हे काम पहाटे, दहिवर असताना करायचं असतं. पाण्याचे पंप पोचायला उशीर झाला, आणि 'आज संपवूनच टाकू' म्हणून मी साडेदहाला आग लावायला सांगितलं. अकराला वारा फिरला. आग पट्टा ओलांडून पूर्वेकडच्या वरकस जमिनीत गेली. चौदा जणांनी ऐनाच्या डहाळ्यांनी झोडपून ती विझवली, पण एका शेजाऱ्याची काजूची सात कलमं करपली. तिसऱ्या वर्षाची, येत्या हंगामात धरली असती.

संध्याकाळी त्यांच्या अंगणात गेलो. ते फार बोलले नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं. आम्ही पावसाळ्यात वेंगुर्ला-४ ची सात कलमं आणून, खड्डे भरून, लावून देणार आणि दोन उन्हाळे पाणी घालणार, असं लेखी दिलं. पुढच्यासाठी नियम : सकाळी आठनंतर काडी पेटवायची नाही. पंप नाहीत तर काम नाही.

१८ फेब्रुवारी २०२४

राईत पहाटेपासून बसलो. जुन्या बेहड्याच्या ढोलीत, जमिनीपासून साधारण वीस मीटरवर, महाधनेशाची मादी आत बसली आहे. ढोलीचं तोंड लिंपून घेतलेलं, मध्ये उभी फट. सहा चाळीसला आधी पंखांचा आवाज आला. आगगाडी लांबून येते तसा. मग नर फांदीवर टेकला, मान मागे टाकून एकेक फळ गळ्यातून वर आणलं आणि चोचीच्या टोकाने फटीतून आत दिलं. मी अकरा मोजली. नंतर तो गेला आणि झाडाखाली एक उंबर पडलेलं दिसलं, ओलं, चोचीची खूण असलेलं.

पिल्लं मोठी होईपर्यंत मादी आतच असते आणि तिचं सगळं नरावर अवलंबून असतं. नर मेला तर आतलं कुटुंब उपाशी मरतं. एवढ्या मोठ्या पक्ष्याला मावेल अशी ढोली फक्त म्हाताऱ्या झाडातच तयार होते, आणि आपल्याकडे म्हातारं झाड म्हणजे लाकूडतोड्याच्या लेखी पहिलं गिऱ्हाईक. महाधनेश २०१८ पासून जागतिक यादीत 'असुरक्षित' गणला जातो.

हे झाड उभं ठेवून पैसे मिळतात का, हा प्रश्न गावात रास्तपणे विचारला जातो. मिळतात. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था सह्याद्रीत खाजगी जंगलांच्या मालकांशी संवर्धनाचे करार करत आली आहे. त्यांनी बेहड्याची आणि हरड्याची फळं 'फेअरवाइल्ड' या, रानातली वनस्पती जपून वेचल्याच्या प्रमाणपत्रासह औषधी बाजाराला जोडून दिली. वेचणाऱ्यांनी काही फळं झाडाखालीच राखून ठेवायची आणि ढोलीच्या झाडाला धक्का लावायचा नाही, याच अटीवर. आपल्याला इथे ते करायचं आहे, पण दस्त झाल्यावर. एका वेळी एकच.

२५ मार्च २०२४

शिमगा. पालखी सहाणेवर आली, ढोल थांबले, आणि मानकऱ्यांनी नारळ ठेवताना गाऱ्हाण्यात सडा आणि झरा दोन्ही घेतले. आम्ही कोणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्रीच्या बैठकीत २४ सह्यांची तोंडी संमती झाली. दोन बडोद्याच्या, त्या कुलमुखत्यारपत्राने येतील. एक अडली.

ज्यांची अडली ते दादा माझ्याच वयाचे. मध्यस्थ त्यांना मुंबईत जाऊन भेटला आणि भाव वाढवून आला आहे. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी त्यांनी कर्ज काढलं आहे. मला त्यांचा राग आला नाही, कोणी धरूही नये. सड्यातल्या पाण्याचा त्यांना मुंबईत काय उपयोग? एका माणसाच्या अडचणीवर पाय देऊन राखलेली जमीन टिकत नाही, हे मी दुसऱ्या एका गावात बघितलं आहे. तिथे नाखूष हिस्सेदाराने दोन वर्षांनी वाटपाचा दावा लावला आणि सगळं विस्कटलं.

११ एप्रिल २०२४

झरा : ९६ सेकंद. वायंगणी निसवली. पाणी आता पाळीने, दर तिसऱ्या दिवशी.

वाट निघाली. अडलेल्या दादांचा हिस्सा दोन चुलतभाऊ मोबदला देऊन हक्कसोडपत्राने घेणार. कुटुंबातच आणि शेतकऱ्यांतच, म्हणून कलम ६३ चा प्रश्न येत नाही. त्यासाठी भावांना पैसे कुठून? सुविधाधिकाराच्या मोबदल्याची जी रक्कम आम्ही देणगीदारांकडून उभी केली आहे, तिच्यातला आपला वाटा भाऊ यासाठी वापरणार. भाव मध्यस्थाने सांगितलेल्यापेक्षा कमी आहे. दादांना ते स्पष्ट सांगितलं. त्यांनी आठ दिवस घेतले आणि काल फोन केला. म्हणाले, "बाबा तिथेच गुरं चारायचे. फोडलेला बघायला मलाही बरं वाटलं नसतं. पण मला पैसे एकरकमी हवेत." एकरकमीच देणार.

७ मे २०२४

मतदान. गावात कोणी भेटत नाही. झरा काल : १६८ सेकंद. मोजायला सुरुवात केल्यापासूनचा सगळ्यात कमी प्रवाह. वहिनींनी पाटाजवळ उभं राहून तीनऐवजी पाच वेळा मोजलं.

२४ मे २०२४

दस्त नोंदवला.

गावाहून दोन गाड्या, मुंबईहून रात्रीची बस. कार्यालयात सकाळी संगणक बंद होता, दुपारी दीडला सुरू झाला. आजी-आजोबांना सावलीत बसवून पाणी, लाडू दिले. थोरल्या काकांच्या अंगठ्याचे ठसे यंत्र घेईना. आयुष्यभर नांगर धरलेला, कोयता धरलेला हात. रेषाच झिजल्या आहेत. अंगठा ओल्या फडक्याने पुसला, तेल लावलं, पुन्हा पुसला. अकराव्या वेळी लागला. तोपर्यंत मागच्या रांगेतल्या कोणीही घाई केली नाही.

हक्कसोडपत्र आधी, सुविधाधिकाराचा दस्त नंतर. दादांची रक्कम त्यांच्या खात्यात दस्ताआधीच जमा केली होती. ते तरीही शेवटपर्यंत थांबले आणि साक्षीदार म्हणून सही करून गेले.

दस्ताला मूळस्थिती अहवाल जोडला : सड्याच्या १५ ठरलेल्या ठिकाणांचे चारही दिशांचे फोटो, अक्षांश-रेखांश, राईतल्या मोठ्या झाडांचे घेर आणि वहिनींच्या वहीतली झऱ्याची मोजमापं. पुढे कधी कोणी म्हणालं की 'हे आधीपासून असंच होतं', तर बोलायला कागद हवा. वकीलसाहेबांच्या मते या ४१ पानांत सगळ्यात बळकट पान वहिनींच्या अक्षरातलं आहे, कारण झरा आणि सडा यांचं नातं तिथे महिन्यामहिन्याने लिहिलेलं आहे.

१२ जून २०२४

पाऊस कोकणात ६ तारखेला आला. आज सड्यावर दिपकाडी फुलली आहे. पांढरी, लांब देठाची, उघड्या कातळाच्या भेगेतून आलेली. ही वनस्पती कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवरचीच. कापलेल्या सड्यावर ती परत येत नाही, कारण तिचा कंद ज्या चार बोटं मातीत असतो ती मातीच राहत नाही.

तलाठी कार्यालयात दस्ताची प्रत दिली. खलाटीच्या आणि सड्याच्या, दोन्ही सातबाऱ्यांच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंद व्हायला हवी. अशी नोंद पूर्वी केली नाही, असं सांगण्यात आलं. आमचे वकील वाटेच्या आणि विहिरीतल्या हिश्शाच्या जुन्या नोंदींचे उतारे घेऊन पुन्हा जाणार. नोंदीचा प्रकार तोच, हक्क तेवढा नवा.

६ जुलै २०२४

काजूची सात कलमं लावून झाली. शेजाऱ्यांनी खड्डे आधीच खणून ठेवले होते आणि काम झाल्यावर चहा दिला.

दुसरी गोष्ट. शहरातल्या एका उत्साही गटाचा फोन : सड्यावर ५०० झाडं लावायची आहेत, रोपं त्यांची, खड्ड्यासाठी यंत्र त्यांचं. त्यांचं मन चांगलं आहे यात शंका नाही. पण सड्यावर झाड नाही म्हणजे काहीतरी राहून गेलं आहे, असं नाही. हे गवताचं, डबक्यांचं आणि टिटवीचं घर आहे. तिथे यंत्राने खड्डे पाडणं म्हणजे छोटी खाणच. त्यांना राईच्या खालच्या कडेला, जिथे पूर्वी तोड झाली आहे तिथे, गावातल्याच बियांची ४० रोपं लावायला बोलावलं. येतो म्हणाले.

३ ऑगस्ट २०२४

३० जुलैच्या पहाटे वायनाडमध्ये डोंगर गावांवर आला. ३१ ला केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना पुन्हा काढली. सहा राज्यांतलं ५६ हजार चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर. हरकती-सूचनांना ६० दिवस. डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीने अहवाल दिला तो २०११ साली. त्याला तेरा वर्षं झाली, आणि २०१४ पासून मसुद्यांवर मसुदे निघत आहेत.

गावात याबद्दल भीती आहे. 'आता घराचं कौल बदलायलाही परवानगी लागेल' असं कोणी तरी पसरवलं आहे. उद्या संध्याकाळी मसुदा मराठीत मोठ्याने वाचायचा. ज्याला हरकत लिहायची त्याला हरकत लिहायला मदत, ज्याला पाठिंबा लिहायचा त्याला तो लिहायला. वरून आलेली रेषा आणि आपण होऊन घातलेली अट यांतला फरक गेल्या वर्षभरात मी जवळून बघितला आहे. दोन्ही लागतात. अधिसूचना नसेल तर शेजारच्या गावचा सडा कोण राखणार? आणि नुसती अधिसूचना असेल तर जाळरेषा कोण काढणार?

२९ ऑगस्ट २०२४

'इतर हक्क' नोंदीचा फेरफार धरला गेला. नोटीस लागली आहे. पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्यांकडे जाईल.

११ सप्टेंबर २०२४, गौरी पूजन

पहिली वार्षिक पाहणी. १५ पैकी १३ ठिकाणं झाली. दोन ठिकाणी धुकं इतकं की फोटोत काहीच आलं नाही, उद्या पुन्हा. आठव्या ठिकाणी गाडीची ताजी चाकं उमटलेली दिसली. रीळ करायला आलेली मुलं असावीत, डबक्यातून गाडी फिरवली आहे. गेंद चिरडले आहेत, साधारण खोलीएवढ्या जागेत. फोटो, माप, तारीख घेतली. वाटेच्या तोंडाशी दोन मोठे चिरे आडवे टाकायचे, गुरांना वाट सोडून. गावाने होकार दिला.

लालबागच्या आत्या आल्या होत्या. नातवाने हात धरून, तीनदा बसत, त्यांना वर आणलं. वर पोचल्यावर बराच वेळ दम खाल्ला आणि मग मला विचारलं, "यातला माझा कुठला?" सामाईक आहे आत्या, वेगळा दाखवता येत नाही, असं म्हणालो. "म्हणजे सगळाच," त्या म्हणाल्या आणि चप्पल काढून गवतात उभ्या राहिल्या.

उतरताना वहिनी पन्हळीजवळ वाट बघत होत्या. वही प्लास्टिकच्या पिशवीत, नवीन पान काढलेलं, वर तारीख घातलेली. बादली ठेवली. मी घड्याळ धरलं.

१४ सेकंद. दुसऱ्यांदा १४. तिसऱ्यांदा १५.